उंची फुटपट्टीची आणि माणसाची

माझी उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे १५० सेंटिमीटर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या विषयावर उंच माणसाने लिहिले की तो उपदेश वाटतो आणि बुटक्या माणसाने लिहिले की ती तक्रार वाटते. मला या दोहोंपैकी काहीच करावयाचे नाही. मी एका कार्यालयात लिपिक आहे आणि संध्याकाळी वस्तीतील अभ्यासिका व आरोग्य शिबिरांचे काम पाहतो. शिक्षण बी. कॉम. डॉक्टरकीशी माझा संबंध नाही. परंतु ज्या गोष्टीवरून आयुष्यभर हिणवले गेलो ती गोष्ट नेमकी येते कोठून, हे कळून घ्यावे असे फार वर्षांपासून वाटत होते. शिबिरांना येणाऱ्या डॉक्टर मंडळींना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून जे पदरात पडले ते आपल्या घराघरांतील आयाबहिणींपर्यंत पोचावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हिणवण्याचे म्हणाल तर त्याची यादी मोठी आहे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिला. गिड्डा, टिंगू, दीडफुट्या ही नावे तेथेच मिळाली. नोकरीला लागलो तेव्हा वाटले, आता शिकलेल्या माणसांत आलो. पण वरच्या फळीवरची फाईल काढायची वेळ आली की कोणीतरी हमखास विचारणार, "साहेब, स्टूल आणू का?" आणि सगळी खोली हसणार. जातीवरून टोमणा मारणारा निदान आजूबाजूला पाहून मारतो. उंचीवरून बोलणाऱ्याला तशी धास्ती नसते. ती गंमत समजली जाते आणि ज्याच्यावर गंमत होते त्यानेही हसावे अशी अपेक्षा असते. लोकलच्या गर्दीत वरची कडी हाताला लागत नाही, तयार शर्ट घ्यायला गेलो तर दुकानदार मुलांच्या कपाटाकडे बोट दाखवतो. या गोष्टी लहान आहेत, पण रोजच्या आहेत.

आता उंची ठरते कशी ते पाहू. आपली हाडे लांबीने वाढतात ती त्यांच्या टोकांशी असलेल्या मऊ कूर्चेच्या थरामुळे. हा थर जिवंत आहे तोवर हाड लांब होते. वयात येण्याचा काळ सरला की हा थर हाडातच मिसळून जातो आणि उंची थांबते. मुलींच्या बाबतीत हे साधारण चौदा-पंधराव्या वर्षी, मुलांच्या बाबतीत सोळा ते अठराव्या वर्षी घडते. त्यानंतर पावडर घ्या, गोळ्या घ्या किंवा तासन्तास बारला लोंबकळा, हाड वाढत नाही.

वाढीचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. पूर्ण दिवसांचे मूल जन्मते तेव्हा साधारण ५० सें.मी. असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सें.मी. वाढते, दुसऱ्या वर्षात १२ सें.मी.च्या आसपास. पुढे वयात येईपर्यंत दर वर्षी पाच-सहा सें.मी. आणि वयात येताना पुन्हा एक मोठी उसळी. म्हणजे दोन वर्षांचे मूल त्याच्या पुढच्या पूर्ण उंचीच्या जवळजवळ निम्मे झालेले असते. आमच्या हिशेबनिसांच्या भाषेत सांगायचे तर भांडवल या पहिल्या दोन वर्षांत आणि त्याआधीच्या आईच्या पोटातील नऊ महिन्यांत उभे राहते. या हजार दिवसांत जी तूट येते ती पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

आईबापांच्या उंचीचा वाटा अर्थातच मोठा असतो. जेथे सर्वांना पोटभर सकस अन्न मिळते तेथे माणसामाणसांतील उंचीच्या फरकापैकी सुमारे ऐंशी टक्के फरक आनुवंशिकतेने येतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. हे कोणा एका गुणसूत्राचे काम नाही. २०२२ साली ५० लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासातून उंचीशी संबंधित बारा हजारांवर लहान लहान जनुकीय फरक सापडले. मुलाची अंदाजे उंची काढण्याची एक सोपी रीत डॉक्टर वापरतात. आई आणि वडील यांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करावी, मुलगा असल्यास त्यात १३ मिळवावे, मुलगी असल्यास १३ वजा करावे आणि आलेल्या संख्येला दोनाने भागावे. त्याच्या मागेपुढे आठ-नऊ सें.मी. हा फरक सर्वसाधारण समजावा.

पण 'जेथे पोटभर अन्न मिळते तेथे' हे शब्द विसरू नका. आपल्या घरांची गोष्ट तेथेच वेगळी होते. माझी आई मराठवाड्यातील. १९७२ च्या दुष्काळात ती दहा-बारा वर्षांची होती, म्हणजे ऐन वाढीच्या वयात. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जाई. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यावर दिवस काढले, असे ती सांगते. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. मुंबईकडे येऊन आईवडील एका चाळीच्या खोलीत राहिले, वडील बाजारात हमाली करीत. मी पोटात असताना आई धुणीभांडी करीत होती आणि सर्वांचे वाढून झाल्यावर उरेल ते खात होती. आमच्या दोन गल्ल्यांना मिळून एक नळ आणि एक सार्वजनिक संडास. लहानपणी मला सारखे जुलाब होत, हेही आईच सांगते.

जुलाबाचा उंचीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. मूल सतत आजारी पडले की खाल्लेले अंगी लागत नाही. शरीराची शक्ती आजाराशी झगडण्यात जाते आणि वाढ मागे पडते. म्हणून घाणेरडे पाणी, उघडी गटारे आणि संडासाची वाण हीसुद्धा उंची खुंटण्याची कारणे आहेत. त्यात आईचे कोवळे वय आणि अंगातील रक्ताची कमतरता यांची भर पडली की मूल कमी वजनाचे जन्मते. तेच मूल मुलगी असेल, तिचेही लवकर लग्न झाले, तर पुढच्या पिढीचा हिशेब पुन्हा तुटीतच सुरू होतो. माझ्या आईची उंची चार फूट आठ इंच. आमच्या घराण्याची ठेवण किती आणि दुष्काळाचा हात किती, हे आज कोणी वेगळे काढून सांगू शकणार नाही. पण सगळा दोष घराण्याला देणे बरोबर नाही, एवढे मला निश्चित कळले आहे.

हे केवळ आमच्या घराचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांची उंची मोजतात. २००५-०६ साली देशातील शंभरपैकी ४८ मुले वयाच्या मानाने खुरटलेली होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा आकडा ३५.५ वर आला. आपल्या महाराष्ट्रात तो ३५.२ होता, आणि त्याआधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ३४.४. म्हणजे या प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात त्या पाच वर्षांत सुधारणा झालीच नाही. सर्वांत गरीब घरांत खुरटलेल्या मुलांचे प्रमाण सर्वांत सधन घरांच्या जवळजवळ दुप्पट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांत ते देशाच्या सरासरीहून जास्त आहे. टेप एकच, पण तो गरिबाच्या दारात वेगळे माप दाखवतो.

उलट बाजूही पाहा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असे दिसले की दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सें.मी. वाढली. शंभर वर्षांत लोकांचे रक्त बदलत नाही. अन्न, पाणी, औषधपाणी, मुलींचे शिक्षण आणि राहणीमान बदलते. आज जगात सर्वांत उंच समजले जाणारे हॉलंडचे लोक दीड-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात बुटक्यांत गणले जात.

येथे मला बाबासाहेबांच्या 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या प्रबंधाची आठवण होते. जातिव्यवस्थेमुळे वंशाची शुद्धता राहते, प्रजा चांगली निपजते, असा दावा तेव्हा काही विद्वान करीत. बाबासाहेबांनी त्यांना या देशातील माणसांच्या शरीराकडेच पाहावयास सांगितले. इतके शतकानुशतके शुद्ध राखलेले हे लोक अंगाने खुजे, दमाने कमी आणि बहुसंख्येने लष्कराला नालायक ठरतात, मग त्या शुद्धतेचे फळ कोठे आहे, असा त्यांचा रोख होता. मी तरुणपणी तो भाग प्रथम वाचला तेव्हा माझ्यासारख्या बुटक्या माणसाला तो टोचला. पुन्हा वाचला तेव्हा समजले की तो प्रहार बुटक्या माणसावर नाही, माणसाला खुजे ठेवून वर श्रेष्ठत्व मिरवणाऱ्या व्यवस्थेवर आहे. तेव्हापासून कोणी "तुमच्या लोकांची अंगकाठीच अशी" म्हणाला की मी त्याला सर्वेक्षणाचे आकडे सांगतो.

आता व्यवहाराचे बोलू. गेल्या काही वर्षांत आमच्या शिबिरात आम्ही मुलांचे वजन आणि उंची नोंदवून ठेवतो. त्यात एका नऊ वर्षांच्या मुलीची नोंद खटकली. वर्षभरात तिची उंची जेमतेम तीन सेंटिमीटर वाढली होती. आई म्हणाली, "भाऊ, आमच्यात सगळे बुटकेच आहेत. तिला लहानपणी कोणीतरी ओलांडलं होतं." ओलांडल्याने उंची खुंटते हा समज आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही. ओलांडल्याने काही होत नाही. मुलगी सुस्त असे, तिला थंडी फार वाजे, शाळेत मागे पडत होती. आम्ही तिला सरकारी रुग्णालयात पाठविले. रक्त तपासल्यावर कळले की तिची थायरॉईड ग्रंथी नीट काम करीत नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक स्वस्त गोळी सुरू झाली. पुढच्या वर्षभरात ती आठ सेंटिमीटरच्या वर वाढली आणि आता वर्गात बोलू लागली आहे. दोन-तीन वर्षे आणखी "घराण्यातच आहे" म्हणून बसलो असतो तर बराचसा काळ हातचा गेला असता.

म्हणून आईवडिलांना माझे सांगणे आहे. दर सहा महिन्यांनी मुलांची उंची मोजा. त्याला खर्च नाही. चप्पल काढून मुलाला भिंतीला पाठ टेकवून सरळ उभे करावे, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरावे, भिंतीवर पेन्सिलने खूण करून टेपने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. एका मोजणीवरून काही कळत नाही, दोन मोजण्यांतील वाढ महत्त्वाची. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला चार-पाच सें.मी.हून कमी वाढत असेल किंवा वर्गातील सर्व मुलांपेक्षा फारच लहान दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड, रक्तक्षय, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, गहू न पचण्याचा आजार, मुलींमधील काही जन्मजात दोष, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता अशी अनेक कारणे असू शकतात. डावा हात व मनगट यांच्या एक्स-रेवरून हाडांचे वय आणि राहिलेली वाढ यांचा अंदाज येतो. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने महाग असतात, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात आणि ठरावीक आजारांतच उपयोगी पडतात. ती तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

आहाराच्या बाबतीत मोठ्या डब्यातील महागडी पावडर लागते असे नाही. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात आईचे दूध, त्यातही पहिला घट्ट पिवळा चीक, अवश्य पाजावा. तो फेकण्याची चाल अजून काही घरांत आहे, ती बंद व्हावयास हवी. सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न: मऊ वरणभात, कुस्करलेले अंडे, नाचणीचे सत्त्व, केळे. मोठ्या मुलांना डाळ, उसळ, अंडी, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, आणि जमेल त्यांनी सुकट-बोंबील. चहात बुडवलेला पाव किंवा खारी हा मुलांचा नाश्ता नव्हे. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. पाच रुपयांच्या पाकिटातील कुरकुरीत पदार्थांनी पोट भरते, वाढ होत नाही. त्या पाच रुपयांत थोडे पैसे घालून अंडे येते. अंगणवाडीचा आहार आणि शाळेतील जेवण हा मुलांचा हक्क आहे, तो नीट मिळतो की नाही हे पालकांनी जाऊन पाहावे. रात्रीची पुरेशी झोपही हवी, कारण वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत अधिक पाझरते. आणि मुलगी अठराची होण्याआधी तिचे लग्न नको. घरात अंडे एकच असेल तर ते मुलग्याच्या ताटात जाते, हेही आपण आता थांबविले पाहिजे.

फसवणुकीपासून सावध राहा, हे तरुणांना सांगावेसे वाटते. आमच्या अभ्यासिकेतील एकवीस वर्षांचा एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. धावण्यात पहिला, गणितात पक्का. उंची १६३ सें.मी. शिपाई पदासाठी पुरुषांना १६५ लागते. त्याने "दोन महिन्यांत तीन इंच" अशा जाहिरातीला भुलून आईने बचतगटातून घेतलेले तीन हजार रुपये घालवले. उंची वाढली नाही, कर्ज वाढले. वास्तविक १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्यात ज्या गोष्टींसाठी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे त्या यादीत शरीराची उंचीही आहे. तरी असे डबे राजरोस विकले जातात. त्या मुलाला आम्ही बसवून समजाविले आणि उंचीची अट नसलेल्या परीक्षांची यादी काढून दिली. आज तो एका शासकीय कार्यालयात माझ्यासारखाच लिपिक आहे. भरतीच्या तयारीत दोन वर्षे घालविण्याआधी उंची नीट मोजून घ्या, असे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

काही जणांचा बुटकेपणा याहून वेगळा असतो. हातपाय आखूड आणि धड नेहमीसारखे, असा जो प्रकार आपण पाहतो तो बहुधा अकोंड्रोप्लेजिया असतो. त्याला कारणीभूत असलेला जनुकातील बदल १९९४ साली सापडला. अशा दहापैकी सुमारे आठ मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. त्यामुळे आईने ग्रहणात काही कापले, कोणाची दृष्ट लागली, या गोष्टींत तथ्य नाही. या माणसांच्या बुद्धीत काही कमी नसते. सर्कशीत आणि वरातीत हसविण्याचे काम समाजाने त्यांच्यावर लादले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बुटकेपणा हे दिव्यांगत्व म्हणून मान्य केले. वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सें.मी. किंवा त्याहून कमी असेल तर प्रमाणपत्र मिळू शकते. सरकारी नोकरीतील दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणात त्यांचाही समावेश आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी करून यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. मी स्वतः त्या रेषेच्या तीन सेंटिमीटर वर आहे, त्यामुळे मला ते लागू नाही. परंतु आमच्या भागातील दोघांची कार्डे काढून देता आली याचे समाधान आहे.

राहिला प्रश्न लोकांच्या नजरेचा. भगवान बुद्धांच्या संघात लकुंटक भद्दिय नावाचे एक थेर होते. लकुंटक म्हणजे ठेंगणा. कोवळे श्रामणेर त्यांचे केस-कान ओढून थट्टा करीत. एकदा भेटीस आलेल्या काही भिक्खूंनी त्यांना लहान श्रामणेरच समजले. त्यावर बुद्धांनी थेर कोणाला म्हणावे हे सांगितले, त्या गाथा धम्मपदात आहेत. मधुर वाणीच्या भिक्खूंमध्ये याच भद्दियांना बुद्धांनी अग्रस्थान दिले. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांना हे कळले त्यांचे आपण अनुयायी म्हणवतो. मग आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांत आणि आपल्या साप्ताहिकांच्या लग्नविषयक जाहिरातींत "पोटजातीची अट नाही" या ओळीखालीच "उंच, गोरी हवी" हे कसे येते? माझे लग्न ठरताना एका घराने मला दारातच मोजले होते. दुसऱ्या घरातील मुलीने मात्र विचारले, "पगार घरी देता का, आणि दारू पिता का?" तीच आज माझी पत्नी आहे. तिची उंची पाच फूट.

आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या वेळी पत्नीने पूर्ण विश्रांती घेतली, लोहाच्या गोळ्या चुकविल्या नाहीत, घरात नळ आणि संडास होता, आणि अंडे रोज तिच्याच ताटात गेले. ती आज पाच फूट दोन इंच आहे. सूत्राने येणाऱ्या अंदाजाहून बरीच जास्त. आजी तिच्याकडे मान वर करून बघते आणि म्हणते, "दुष्काळ संपला गं बाई आपला."

सगळ्यांचा संपलेला नाही. म्हणून प्रत्येक विहारात, समाजमंदिरात आणि महिला मंडळात भिंतीवर उंचीची एक पट्टी लावावी आणि शेजारी एक वही ठेवावी, अशी माझी विनंती आहे. दोनशे रुपयांत हे होते. ज्या मुलाची नोंद मागे पडेल त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. आणि जो वाढून झाला आहे, माझ्यासारखा, त्याला मोजण्याचे काम आता बंद करावे.